मुनियम्माची मूठ

खाली गेटपाशी अवरेचा ढीग लागला की समजायचं, बेंगळुरात थंडी आली. कॅलेंडर बघायची गरज नाही. हेब्बाळच्या या उंच इमारतीत वरपर्यंत वास येत नाही, म्हणून मी मुद्दाम लिफ्टने खाली जाते. पावट्याच्या जातीची ही शेंग, पण पावटा म्हटलं तर इथला कुणीही नाक मुरडेल. दव खाल्लेल्या चांगल्या अवरेच्या सालीला तेलकट, उग्र, थोडा ओल्या मातीचा वास असतो. कन्नडात त्याला ‘सोगडु’ म्हणतात. शेंग चुरगळून बोटं नाकाशी धरायची, सोगडु असेल तर घ्यायची. मी घेते. बसून सोलते. दाणे भिजवून, चिमटून, एकेकाचं साल उडवून सुनेला देते. सून म्हणते, “अम्मा, सोललेल्या पिशव्या मिळतात, कशाला बोटं दुखवून घेता?” आणि मग दरवर्षीचा पुढचा प्रश्न, “आणि एवढं करून खात का नाही?”

मी सांगते, सोसत नाही. ती म्हणते, सरी, म्हणजे बरं. खरं सांगायला बसले तर माझं डोकं फिरतं, आणि डॉक्टरने डोकं फिरवून घेऊ नका असं सांगितलंय. पण आज सांगणार आहे, काय व्हायचं ते होऊ दे.

आमचं घर चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत होतं. मराठी फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हापासून आम्ही इथले. घरात मराठी बोलायचो, पण त्या मराठीत भाताला सारू लागायचं आणि मोठ्या बहिणीला अक्का. गल्लीत अवरेच्या दिवसांत संध्याकाळी सगळ्या बायका जगलीवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, सोलायला बसत आणि साली सरळ रस्त्यात फेकत. ज्या दारासमोर सालींचा खच मोठा, त्या घराचा तोरा मोठा. त्यावरून घसरून पडणाऱ्या सायकलवाल्यांच्या शिव्याही कौतुकाने ऐकल्या जात. आमच्या दारासमोर मात्र पहिले काही दिवस एक साल दिसायचं नाही. गल्लीभर वास, शेजारच्या चुलींवर हितुकबेळ्याची, म्हणजे साल उडवलेल्या दाण्यांची आमटी रटरटतेय, आणि आम्ही मुलं तोंडाला पाणी सुटून जगलीवर कोरडे बसलेले. कारण आमच्या घरची पहिली अवरे आमची नव्हती. ती दुर्गावर जायची. तिथून एक मूठ परत आली की मग चूल.

दुर्ग म्हणजे उत्तरेकडच्या डोंगरातला, राज्याच्या हद्दीवरचा एक ओसाड किल्ला. त्याला नाव आहे, पण आमच्या घरात कुणी नाव घेत नसे, नुसतं दुर्ग. अक्का मला घेऊन निघायची. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. अण्णा, म्हणजे वडील, तिला अक्का म्हणत म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. लहानपणीच नवरा वारलेला, आयुष्य भावाकडे गेलं, आवाज खणखणीत, भीती कसलीच नाही. हेब्बाळच्या तळ्यापाशी तेव्हा शहर संपायचं. पुढे देवनहळ्ळीपर्यंत द्राक्षांचे मांडव आणि नाचणीची रानं. मग दुसरी बस, मग बैलगाडी, मग पाय. मांडीवर सूप, त्यावर अवरे, वरून ओलं फडकं. बसमध्ये सगळे वळून बघायचे आणि म्हणायचे, काय सोगडु आहे. अक्का मान ताठ करायची.

डोंगर उघडा, काळ्या खडकाचा. किल्ला एका पाळेगाराने, म्हणजे इथल्या छोट्या राजाने बांधलेला. मग मराठ्यांनी घेतला, मग सुलतानाच्या माणसांनी, मग इंग्रजांनी, आणि शेवटी कुणालाच नको झाला. दरवाज्याच्या कमानीत वटवाघळं, दारूच्या कोठारात शेळ्या, टाक्यात हिरवं पाणी, तटावर सीताफळीची झुडपं. पलीकडच्या उतारावर माणसं तेलुगू बोलत, अलीकडे कन्नड. मी कॉलेजात गेले त्या वर्षांत राज्यांच्या सीमा नव्याने ठरल्या आणि तटाच्या जवळून हद्दीचे पांढरे दगड गेले. शेळ्यांना ते दगड अंग घासायला बरे पडायचे.

किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्याबाहेर एक वीरगळ उभा होता. पुरुषभर उंचीचा दगड. खाली तलवार घेतलेला माणूस, वर त्याला हाताला धरून स्वर्गात नेणाऱ्या दोन बायका, आणखी वर पिंड. हा माणूस म्हणजे तिम्म नायक, पाळेगाराचा दरवाज्यावरचा सरदार. आणि त्याला मारणारा आमचा मूळपुरुष.

लढाईत मारला असता तर गोष्ट वेगळी होती. वेढा पडला होता, वर दाणा उरला नव्हता, अवरेचे दिवस होते. आमच्या माणसाने निरोप पाठवला की खाली ये, बोलू, केसाला धक्का लागणार नाही. हातावर हात ठेवून वचन दिलं, तेही त्याच्याच भाषेत. तिम्म नायक खाली आला, उपाशी होता, पानावर बसला. अवरेची आमटी आणि नाचणीचा उंडा वाढला. त्याचा हात पानात असताना मागून वार केला. मग दरवाजा आपोआप उघडला. आमच्या घराण्याला जहागीर मिळाली ती या पराक्रमाबद्दल. पुरुषांनी ही गोष्ट पुढे ‘शौर्याने किल्ला घेतला’ एवढीच ठेवली. बायकांनी सगळी ठेवली. त्या मूळपुरुषाच्या आईनेच म्हणे मुलाला सांगितलं की ज्या अन्नावर तू माणूस मारलास ते अन्न या घरात आता त्याच्या बायकोने दिल्याशिवाय शिजणार नाही. आणि ती म्हातारी स्वतः सूप घेऊन अनवाणी डोंगराखाली गेली. तेव्हापासून आमच्या घरातली एक बाई दरवर्षी जाते. म्हणजे जात असे.

तिम्म नायकाच्या वंशातली मुनियम्मा डोंगराच्या पायथ्याला राहायची. दोन तुकडे जमीन, चार शेळ्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. अक्का चपला काढायची, वीरगळापुढे सूप ओतायची आणि कन्नडात म्हणायची, “तप्पायितु.” चूक झाली. मराठीत नाही. वचन ज्या भाषेत मोडलं त्याच भाषेत माफी, हा नियम. मग मुनियम्मा पुढे येऊन ढीग पदरात भरायची आणि त्यातली एक मूठ अक्काच्या सुपात परत टाकायची. झालं. यापलीकडे ना मंत्र ना नारळ.

मला हे फार गंभीर वाटावं तर त्या दोघी वाटू देत नसत. मुनियम्मा शेंगा निवडत बसायची आणि ओरडायची, “काय गं, या खेपेला हुळ जास्ती. तुझ्या आज्याने जीव घेतला आणि तू किडकी अवरे आणतेस?” अक्का म्हणायची, “तुझ्या आज्याने तरी पारख कुठे केली? समोर बसलेला माणूस किडका आहे ते त्याला दिसलं नाही.” आणि दोघी खो खो हसायच्या. तीनशे वर्षांपूर्वीचा खून त्यांनी असा मधे पानसुपारीसारखा ठेवला होता. त्यात रडारड नव्हती आणि विसरणंही नव्हतं. मला आजही वाटतं, यापेक्षा शहाणपणाचं काही मी पाहिलेलं नाही.

आणि मग आमच्यात शहाणी माणसं आली.

सरकारी कारखाने निघाले तशी पुण्यामुंबईकडून इंजिनियर मंडळी बेंगळुरात उतरली. त्यांनी एक मंडळ काढलं. गणपती, नाटकं, कोजागिरी. त्याचे चिटणीस गद्रे, गोरे, चटपटीत, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. आमचे अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून. त्यांना मंडळाचं भारी अप्रूप. तिथे अण्णा “स्वल्प थांबा” म्हणाले की मंडळी हसायची. “तुमचं मराठी मोठं गमतीचं हं,” असं गद्रेबाई कौतुकाने म्हणायच्या, लहान मुलाच्या गालाला हात लावावा तसं. अण्णा घरी येऊन आरशापुढे ‘थोडं थांबा, थोडं थांबा’ म्हणून बघायचे. ज्या गावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो त्या गावात आम्हाला कालची माणसं मराठी शिकवणार, आणि अण्णा ती शिकणार. माझ्या तळपायाची आग तेव्हाही मस्तकात जायची.

एका पंगतीत अण्णांनी बढाई मारली की आमच्या घराण्याने एक किल्ला घेतला होता. झालं, मंडळाची सहल निघाली. कारखान्याची बस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. मीही गेले होते. गद्रे वीरगळापुढे थबकले. हात जोडले. “केवढा हा वीर,” म्हणाले, “आणि कसल्या आडरानात पडलाय. अण्णासाहेब, हा तुमचा मूळपुरुषच.”

मी ताडकन म्हटलं, “तो आमचा नाही. तो आम्ही मारलेला.”

गद्रे हसले. “मुलींना गोष्टी आवडतात,” म्हणाले, आणि अण्णांकडे वळले. “तुमचाच ना?”

अण्णांना सगळं माहीत होतं. त्यांनी लहानपणापासून दरवर्षी त्या मुठीची वाट पाहून अवरे खाल्ली होती. ते दगडाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना कुणी अण्णासाहेब म्हटलं होतं.

“असेल,” ते म्हणाले.

‘हो’ सुद्धा नाही. हो म्हणायलाही हिंमत लागते.

उन्हाळ्यात मंडळी लॉरी घेऊन गेली. साखळ्या, कप्पी, फळ्या. दगडाला टवकाही न उडवता उतरवला म्हणून गद्रे पुढे वर्षभर सांगत होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं, कामाला माणसं हुशार. त्या दिवशी मुनियम्मा बाजाराला गेली होती. गावातल्यांनी विचारलं तर सांगितलं, ज्यांचा आहे त्यांनीच परवानगी दिलीय. संध्याकाळी ती परत आली तेव्हा दगडाच्या जागी खड्डा होता.

वीरगळ मंडळाच्या अंगणात उभा राहिला, सिमेंटच्या चौथऱ्यावर. त्याला ऑइलपेंट दिला. पगडी भगवी, तलवार चंदेरी, मिशा काळ्या. त्याला मुळात मिशा नव्हत्या. खाली संगमरवराच्या पाटीवर ‘मराठा वीर’ आणि आमचं आडनाव.

अक्काला कळलं तेव्हा ती ताटावरून उठली आणि मला घेऊन तडक मंडळात गेली. गद्र्यांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली. वागायला माणूस लोण्यासारखा, त्यामुळेच भांडायला जड. “आत्याबाई,” म्हणाले, “तिथे ऊनपावसात झिजत होता. शेळ्या अंग घासत होत्या. आम्ही वाचवला.”

“शेळ्या त्याच्याच घरच्या होत्या,” अक्का म्हणाली. “तो तिम्म नायक. आमच्या माणसाने त्याला जेवायला बसवून मारलाय. त्याच्या छातीवर मारणाऱ्याचं नाव लावलंत तुम्ही. काढा ते. त्याला परत नेऊन ठेवा.”

गद्र्यांनी समजूतदारपणे मान हलवली. “अशा लोककथा असतात. पण इतिहासाला पुरावा लागतो. तुमच्याकडे कागद आहे काही?”

“माझ्याकडे त्याची नात आहे,” अक्का म्हणाली. “दुर्गाखाली राहते. चला विचारायला.”

“ती काय सांगणार बिचारी,” गद्रे म्हणाले.

अक्काच्या मराठीत चार कन्नड शब्द होते, तेवढ्यावरून त्यांनी ठरवून टाकलं होतं की हिची आठवणही भेसळीची. शुद्ध भाषेत बोललेलं खोटं त्यांना चाललं. मला तेव्हा ती कॉफी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावीशी वाटली होती. अजूनही वाटते. अक्काने कपाला हात लावला नाही, एवढ्यावर निभावलं.

घरी आल्यावर ती अण्णांना म्हणाली, “तू फक्त जा आणि खरं सांग. एक वाक्य.” अण्णांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “आता पाटी बसली, अक्का. लोक काय म्हणतील?” कोण लोक? मुनियम्मा लोक नव्हती बहुतेक.

मग पावसाळाभर मी अक्काला घेऊन कचेऱ्या हिंडले. इथला साहेब म्हणाला, दगड मूळचा जिथला ती जागा हद्दीच्या दगडापलीकडे, म्हणजे शेजारच्या राज्यात, आमचा संबंध नाही. शेजारच्या राज्याला अर्ज केला तर उत्तर आलं, वस्तू सध्या बेंगळुरात आहे, तिथे विचारा. तो किल्ला घेण्यासाठी तीन सत्तांनी माणसं कापली होती. आता दोन सरकारं तो एकमेकांच्या गळ्यात मारत होती. अक्का कचेरीच्या पायरीवर बसून पाय चोळत म्हणाली, “तेव्हा वेढा घालायचे, ते तरी बरं. निदान हवा तर होता कुणाला.”

थंडी पडली. गल्लीत साली पडायला लागल्या. आम्ही सूप घेऊन निघालो. बसमध्ये एक बाई वळून म्हणाली, काय सोगडु आहे. अक्काने मान ताठ केली नाही.

मुनियम्मा खड्ड्याच्या कडेला बसली होती. खड्ड्यात पावसाचं गवत वाढून वाळलं होतं. अक्काने चपला काढल्या, खड्ड्यापुढे उभी राहिली, सूप कुठे ओतावं ते तिला कळेना. शेवटी तिने ते मुनियम्मापुढेच ठेवलं आणि म्हणाली, “तप्पायितु.”

मुनियम्मा बराच वेळ शेंगा चाळत बसली. किडक्या निवडून बाजूला टाकल्या. या खेपेला हुळबद्दल काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुठली चूक, अम्मा? पहिली की ही?”

अक्का तिच्यासमोर खाली बसली.

“पहिलीची माफी तुम्ही मागत होता, आम्ही देत होतो. चाललं होतं. आधी माणूस नेलात, आता त्याचा दगडही नेलात, आणि म्हणता तो तुमचाच. मग मी कोण? कुणाच्या वतीने मूठ देऊ?”

तिने निवडलेली अवरे दोन्ही हातांनी परत सुपात भरली, शेवटची शेंगही उचलून घातली, आणि सगळं सूप अक्काच्या हातात दिलं. रागाने नव्हे. रागावली असती तर बरं झालं असतं. “होगि बा,” म्हणाली. जाऊन ये. निरोप द्यायची इकडची तीच रीत, आणि तिने रीत सोडली नाही. उतरताना अक्का पुढे चालत होती, मी चपला हातात घेऊन मागे. तिला चपला घालायची आठवण राहिली नव्हती आणि मला सांगवत नव्हतं.

त्याच महिन्यात मंडळाने वीरपूजनाचा समारंभ केला आणि वंशज म्हणून अक्काला बोलावलं. मला वाटलं, ही जाणार नाही. ती निघाली. तेच सूप घेतलं, तीच अवरे, जरा सुकलेली. मंडळाच्या फाटकाबाहेर चपला काढल्या. अंगण भरलं होतं, अण्णा पहिल्या रांगेत, नवा कोट. अक्का त्या रंगवलेल्या दगडापुढे गेली, सूप ओतलं आणि खणखणीत आवाजात कन्नडात म्हणाली की तिम्म नायका, तुला वचन देऊन मारलं ते आम्ही, तुला इथे चोरून आणलं तेही आम्ही, तप्पायितु.

आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. इतकी वर्षं या गावचं पाणी पिऊन एक अक्षर नाही. म्हातारी भारावून पूर्वजांशी कानडीत बोलली, याचंच त्यांना कौतुक. अंगणात हे वाक्य समजलेली माणसं तीनच होती, अक्का, मी आणि अण्णा. मी अण्णांकडे बघत होते. आता उठतील, एवढंच मनात होतं. हीच वेळ होती. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग गद्रे पुढे आले. दगडापुढची अवरे त्यांनी ओंजळीने उचलली, प्रसाद म्हणून पहिल्या रांगेत वाटली, आणि अगदी आदराने, वाकून, एक मूठ अक्काच्या हातावर ठेवली.

अक्काने त्या मुठीकडे पाहिलं. तेवढीच मूठ. त्याच शेंगा. त्या मुठीसाठी ती जन्मभर डोंगर चढली होती, आणि ती द्यायचा हक्क जिचा, ती तिकडे खड्ड्याशी बसली होती. अक्काने हात उलटा केला आणि शेंगा खाली पडू दिल्या. “ही तुमच्याकडची नको,” म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, किती निरिच्छ आहेत.

त्या वर्षापासून आमच्या दारासमोर साली पडल्या नाहीत. शेजारणींनी सुरुवातीला विचारलं, मग सोडून दिलं. अण्णा कचेरीजवळच्या हॉटेलात अवरे घातलेलं उप्पीट खाऊन येत आणि येताना पान चघळत. वास काय पानाने जातो? अक्का दरवर्षी दुर्गावर जात राहिली, पाय चालले तोवर. मुनियम्मा दरवर्षी शेंगा निवडायची, किडक्या बाजूला काढायची, दोघी शेजारी बसून शेळ्यांचं, गुडघ्यांचं बोलायच्या, आणि उठताना ती अख्खं सूप परत द्यायची. त्यांची मैत्री तुटली नाही. पण मूठ नाही ती नाहीच. तिचं बरोबर होतं. अक्काही तेच म्हणायची.

आता दोघी नाहीत. दगड तिथेच आहे. दरवर्षी नवा पेंट बसतो, मिशा जाड होत चालल्यात. मी अजूनही अर्ज करते, नवे चिटणीस नम्रपणे कॉफी विचारतात. कॉफी मी घेत नाही.

मघाशी सून वाटी घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, वाफ येतेय. “चमचाभर तरी, अम्मा. एवढा वासही सोसत नाही का?”

वास मला फार आवडतो, गं. मूठ यायची आहे अजून.